फळ्यावरचं रिकामं कडं

१

परिषदेच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी सव्वासातला मी सात नंबरच्या खोलीचं कुलूप काढलं आणि दारातच थबकलो. फळा पुसलेला होता.

म्हणजे सगळा नाही. डाव्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरातली जेवणाची यादी जशीच्या तशी होती: चांबो मासा चौदा, कोंबडी एकवीस, नुसती भाजी तीन. उजवीकडे कुणा पाहुण्यानं काढलेलं चहाच्या कपाचं चित्र होतं. आणि मधोमध खडूनं काढलेलं भलंमोठं कडं, दोन्ही हात पसरले तरी कवेत येणार नाही एवढं. त्याची रेघ कुठंही तुटलेली नव्हती. आत मात्र काहीच नव्हतं.

मी फ्रॅक्सन मक्विंजा, झोम्बाच्या कॉलेजात गणित विभागाचा कारकून. तेरा वर्षं गणितज्ञांना चहा, कागद आणि खडू पुरवतोय. त्यांच्या डोक्यात काय चालतं ते मला कळत नाही, पण फळ्याचा नियम मला कळतो. ज्याच्याभोवती कडं, त्याला हात लावायचा नाही. आमचा सफाईवाला सैझी हा नियम इतका पाळतो की एकदा कुणाच्यातरी लग्नाची तारीख कड्यात राहिली होती, ती जोडप्याला पहिलं मूल होईपर्यंत फळ्यावर होती.

या कड्यात काल संध्याकाळी वायसन कलोंगा सरांनी बारा ओळी आणि दोन गाठींची चित्रं काढली होती. सर एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त. त्यांची विद्यार्थिनी डॉ. तियामिके नमालोम्बा आज दुपारी दोन वाजता परिषदेत आपला सिद्धांत मांडणार होती. माझ्या अडाणी समजुतीप्रमाणे तो असा: वाहत्या पाण्यातलं पान फिरत फिरत निघालं तिथंच परत आलं, तर त्याच्या वाटेची एक गाठ पडते, कुठल्या गाठी कधीच पडू शकत नाहीत हे तियामिकेनं शोधलं होतं. अकरा देशांचे अडतीस लोक ते ऐकायला आले होते. आणि आठवड्यापूर्वी तिच्या सिद्धतेत एक भोक सापडलं होतं.

ते भोक सरांनी काल बुजवलं. ती पाहुण्यांना आणायला ब्लँटायरच्या विमानतळावर गेली होती, तिला फोन करून सर म्हणाले, "सापडलं. सात नंबरमध्ये लिहिलंय, सकाळी देतो." रात्री त्यांना मलेरियाचा ताप चढला. पहाटे ते सरकारी इस्पितळात बेशुद्ध पडले होते.

मी तसाच उभा असताना तियामिके मागून आली. ती इस्पितळातून थेट आली होती, डोळे लाल, हातात वही. तिनं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बांबो फ्रॅक्सन, कुणी फोटो काढला असेल ना?"

"कालपासून वीज नाही, मायी. सगळ्यांचे फोन मेलेत."

ती पहिल्या बाकावर बसली. रडली नाही, हे जास्त वाईट होतं. नुसती वही मिटून म्हणाली, "मग दोन वाजता मी उभी राहून काय सांगू?"

२

त्या दिवशी संकटं रांग लावून आली होती. जनरेटरला डिझेल नव्हतं. घानाच्या पाहुण्याची बॅग आदिसच्या विमानतळावर राहिली होती. पावाची गाडी आली नव्हती. फाटकावरून निरोप होता की टायपिस्ट डोरिका मायींच्या नात्यात कुणी वारलंय, त्या डोमासीला मैताला गेल्या, टायपिंगचं आज बघून घ्या. आणि परिषदेसाठी खास छापून घेतलेल्या चितेंजे कापडावर गाठींची नक्षी उलटी छापून आली होती, हे केनियाच्या बाईंनी सर्वांसमोर सांगितलं होतं.

अशात विभागप्रमुख डॉ. कपिची आले. फळा बघून त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला.

"खोलीच्या किल्ल्या किती?"

"तीन, सर. एक तुमची, एक माझी, एक सैझीची."

"माझी माझ्या खिशात होती. तुझी?"

"माझ्या उशाखाली."

"मग झालं तर. सैझीला बोलाव."

सैझी आला, टोपी हातात. साठीचा माणूस, कधी चढ्या आवाजात बोलला नाही. तो फळ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "कड्यातलं मी पुसत नाही, बावाना."

"मग आपोआप उडालं?"

"ते मला माहीत नाही. पण कड्यातलं मी पुसत नाही."

कपिची सरांनी त्याची किल्ली काढून घेतली आणि संध्याकाळी बघतो म्हणाले. सैझी बाहेर निलगिरीखाली जाऊन बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, हे मला कळत होतं, पण प्रमुखाला तसं सांगायला जीभ रेटेना. मी कारकून. म्हणून मी ज्यांची जीभ रेटते त्यांच्याकडे गेलो.

फालेसी नान्सोंगोले मायी तेहतीस वर्षं आमच्या ग्रंथालयात आहेत. हरवलेलं पुस्तक त्यांना सापडलं नाही असं कधी झालं नाही. एकदा एक जाडजूड कोश त्यांनी प्राचार्यांच्या स्वयंपाकघरातून, डगमगत्या टेबलाच्या पायाखालून काढून आणला होता.

त्यांनी माझं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "फ्रॅक्सन, चोरी फार थोडी होते. बहुतेक वेळा कुणीतरी वस्तू तिच्या योग्य जागी ठेवलेली असते. जागा त्याच्या मते योग्य असते, एवढंच. कुणाच्या मते, ते शोधायचं."

"दोनला भाषण आहे, मायी."

"मग चल की. बोलत काय बसलास?"

३

फालेसी मायी फळ्याजवळ गेल्या आणि नाक लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं वास घेतायत.

"हे बघ. सैझी कसं पुसतो?"

"गोल गोल. मोठे हात मारून."

"आणि इथं?"

मी बघितलं. काळ्या फळ्यावर खडूचे पुसट पट्टे होते, आडवे, एकाखाली एक. डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग त्याच्या खाली दुसरा. मी मोजले. बारा ओळींचे बारा, आणि चित्रांच्या जागी दोन चौकोन.

"एक एक ओळ पुसलीय," मायी म्हणाल्या. "नीट, हळूहळू. कड्याला फडक्याचा धक्कासुद्धा लागू दिला नाही. एवढ्या निगुतीनं मी माझ्या घरची भांडी पुसत नाही."

मग त्या खाली वाकल्या. फळ्यासमोर एक खुर्ची ओढलेली होती. परिषदेच्या खुर्च्या मी स्वतः रांगेत लावतो, ही रांगेतली नव्हती. तिच्या पायाशी मायींनी बोट टेकवलं आणि लाकडाची एक बारीक, वळलेली साल उचलली. अशा चार-पाच होत्या.

"पेन्सिलीची," मी म्हणालो.

"तुझे गणितज्ञ पेन्सिल वापरतात?"

"त्यांना खोडलेलं आवडतं, म्हणून पेन वापरतात. काट मारली तरी खालचं दिसतं म्हणे. पेन्सिलीची मागणी तेरा वर्षांत एकदाही आलेली नाही."

खिडकीच्या गजावर फळ्याचं फडकं वाळत घातलं होतं. धुऊन, पिळून, चारी कोपरे सरळ करून. मायींनी ते चाचपलं. अजून दमट होतं.

"फ्रॅक्सन, तू कुणाचं काही चोरलंस तर फडकं धुशील?"

मी म्हटलं मी न चोरताही धूत नाही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कुलपाकडे पाहिलं, पितळी, जुनं, माझ्या नोकरीच्या आधीपासूनचं. ओरखडा नव्हता, खिडक्या आतून बंद होत्या.

आम्ही फाटकावर गेलो. पहारेकरी मैकोलो मक्याचं कणीस भाजत होता.

"पहाटे कुणी परकं आत आलं?" मी विचारलं.

"परकं? कुणी नाही. मी डोळ्याला डोळा लावला नाही, आचिमवेने. परकं माणूस या फाटकातून जाईल कसं?"

फालेसी मायी वळल्या. घड्याळात साडेनऊ झाले होते. परत येताना त्या म्हणाल्या, "आता मला दोन माणसं दाखव. हे भाषण झालं नाही तर ज्यांचं बरं होईल, अशी."

ते सोपं होतं. त्यातला एक जण तेव्हा आमच्या समोरूनच येत होता, आणि त्याच्या दोन्ही बाह्या खडूनं पांढऱ्या झाल्या होत्या.

४

हे प्राध्यापक फेरलान, नेदरलँड्सचे, उंच आणि उन्हानं गाजरासारखे झालेले. सहा वर्षं ते तियामिकेच्याच प्रश्नामागे होते आणि ती त्यांच्यापुढे निघून गेली होती. शिवाय काल संध्याकाळी सर लिहीत असताना ते त्या खोलीत होते, हे मी स्वतः पाहिलं होतं.

"होतो ना," ते म्हणाले. आमच्याकडे तीन वर्षं शिकवून गेल्यामुळे ते बऱ्यापैकी चिचेवा बोलतात, फक्त सगळ्यांना एकेरी. "सहा वाजता तू जेवायला हाक मारलीस म्हणून गेलो. पहिल्या चार ओळी वाचल्या. तेव्हापासून हळहळतोय की पाचवी का नाही वाचली."

"बाह्यांना खडू कसला?" मायींनी विचारलं.

"आठ वाजल्यापासून पलीकडच्या खोलीत त्या चार ओळींवरून पुढचं आठवायचा प्रयत्न करतोय. तिच्यासाठी. जमत नाहीय." ते खरोखर हिरमुसले होते. "एक गंमत सांगू? म्हातारा फार विचित्र लिहीत होता. आम्ही फळ्यावर लिहितो ते अर्धं शब्दांत, अर्धं हातवाऱ्यात. हा प्रत्येक चिन्ह सुटं, मोठं काढत होता, प्रत्येक ओळीला आकडा देत होता. गणित अजिबात न येणाऱ्या माणसासाठी लिहावं तसं. मला वाटलं, डोळे अधू झाले असतील."

फालेसी मायींची पावलं थांबली. "गणित न येणाऱ्या माणसासाठी," त्या म्हणाल्या, जणू ग्रंथालयात पुस्तकाचं नाव टिपून घेतायत.

दुसरे डॉ. लेव्हिसन कपालामुला, आमचेच. तियामिकेच्या सिद्धतेतलं भोक यांनी शोधलं होतं, आणि ते भर बैठकीत, सगळ्यांसमोर. तिची दोन वाजताची वेळ आपल्याला द्यावी असा अर्जही माझ्याकडे त्यांनी दिला होता. ते भोजनगृहात एकटेच चहा पीत होते.

"आलात?" ते म्हणाले. "सकाळपासून वाट बघतोय. विभागात काही हरवलं की कपालामुला."

"तसं कुणी म्हटलेलं नाही."

"मायी, मी चूक काढली म्हणजे मी शत्रू का? चूक होती म्हणून काढली. उद्या जगानं काढली असती तर जास्त बरं वाटलं असतं तिला?"

"मग तिची वेळ का मागितलीत?"

"भोक बुजलं नव्हतं तेव्हा मागितली. दोन वाजता रिकामा मंच ठेवायचा का पाहुण्यांपुढं?" त्यांनी कप आपटला. "सरांनी बुजवलं असेल तर मला ते बघायचंय. पहिल्या रांगेत बसून बघायचंय. आणि त्यात पुन्हा चूक असली तर मी पुन्हा काढणार."

बाहेर आल्यावर मी मायींना म्हटलं, "हाच."

"कशावरून?"

"तोंडावरून."

"तोंडावरून निकाल लागत असता तर तू कधीच आत गेला असतास," मायी म्हणाल्या. "सव्वाअकरा झालेत. मला एक खुर्ची दे आणि पाच मिनिटं गप्प बस."

मी खुर्ची दिली. गप्प बसणं अवघड होतं, कारण व्हरांड्याच्या टोकाला तियामिके खडू हातात धरून मोकळ्या भिंतीकडे बघत उभी होती.

५

"आता ऐक," फालेसी मायी म्हणाल्या. "समज तू कपालामुला आहेस. तुला तिचं भाषण पाडायचंय. तू काय करशील?"

"फळा पुसेन."

"सगळा. तुझी ती मासे-कोंबडीची यादीसुद्धा. म्हणजे लोक म्हणतील, सैझीनं सवयीनं पुसला. फक्त कड्यातलं पुसून कडं ठेवणं म्हणजे इथं काय होतं ते ओरडून सांगणं. चोर तसं करत नाही. डचमन असता तर त्यानं घाईनं उतरवून घेतलं असतं आणि फळा तसाच ठेवला असता, पुसून संशय कशाला ओढवून घ्यायचा? सैझीचा हात गोल फिरतो. मग राहिलं कोण?"

"कुणीच नाही."

"असं कसं? त्या माणसानं खुर्ची घेतली, म्हणजे तो बराच वेळ बसला. पेन्सिलीला चार-पाचदा टोक केलं, म्हणजे पुष्कळ लिहिलं. एक ओळ लिहायची, ती पुसायची, मग पुढची. का? एकच ओळ दोनदा लिहिली जाऊ नये, एकही सुटू नये म्हणून. ज्याला गणित कळतं त्याला याची गरज नाही. ज्याला ते नुसतं चित्र आहे, त्यालाच अशी शिस्त लागते. आणि सरांना माहीत होतं की असं माणूस येणार, म्हणून त्यांनी सुटं सुटं लिहिलं. फडकं धुऊन वाळत घातलं, कारण काम पुरं झाल्यावर ते धुवायचं असतं. आणि कडं ठेवलं." त्या थांबल्या. "कडं पावती म्हणून ठेवलं, फ्रॅक्सन. रिकामं कडं म्हणजे, घेतलं."



"तुझ्या आधी या विभागात कागद मिळत नव्हता," मायी म्हणाल्या. "सर पुस्तकच्या पुस्तक फळ्यावर लिहीत आणि कुणीतरी ते पहाटे येऊन उतरवून घेई, टाईप करायला. मला फळ्याचं ठाऊक नव्हतं. पण पेन्सिली माझ्याकडून जायच्या. महिन्याला सहा."

"डोरिका मायी," मी म्हणालो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. डोरिका चिकोपा मायी सव्वीस वर्षं विभागाच्या टायपिस्ट होत्या, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. परिषदेचं पुस्तक त्यांनीच टाईप करावं असा सरांचा हट्ट, म्हणून त्यांच्या घरी जाऊन मीच त्यांना बोलावून आणलं होतं. त्या म्हणाल्या, आता नव्या पद्धती मला येत नाहीत. मी म्हणालो, तुम्ही आपलं जुन्या पद्धतीनं करा, मायी. हे माझे शब्द. वर त्यांच्या घरच्या तळलेल्या मंदाझीचा एक घास खाऊन म्हणालो होतो.

"पण किल्ली?"

"कुलूप तुझ्या नोकरीच्या आधीचं ना? निवृत्त होताना तिच्याकडून किल्ली कुणी मागितली?"

कुणी मागितली असणार? मी धावत फाटकावर गेलो. "मैकोलो, परकं कुणी नाही, ते कळलं. मग आपलं कोण आलं?"

"आपलं होय," मैकोलो म्हणाला. "पाचाला डोरिका मायी आल्या. सहा-सव्वासहाला बाहेर पडतच होत्या, तर भाचा निरोप घेऊन आला, मैत झालंय म्हणून. तशाच मिनीबसमध्ये बसल्या, पिशवी छातीशी धरून. तुम्ही परकं विचारलंत. त्या काय परक्या आहेत?"

पिशवीत त्या ओळी उतरवलेली वही असणार, म्हणजे वही सुरक्षित होती. पण ती डोमासीच्या पलीकडच्या गावात, मैताच्या घरात होती. तिथं फोन लागत नाही, लागला तरी कुणी उचलत नाही, आणि बाईमाणसाला तिथून हाक मारून उठवायची आपल्याकडे रीत नाही. घड्याळात पावणेबारा वाजले होते.

६

विभागाची पिकअप मी चालवली. निघताना फालेसी मायींनी परिषदेच्या स्वयंपाकघरातून मक्याच्या पिठाची पिशवी घेतली, कारण मैताला रिकाम्या हातानं जात नाहीत. कमरेला चितेंजे हवं होतं, तर हाताशी परिषदेचंच होतं, उलट्या गाठींचं. त्यांनी तेच गुंडाळलं.

"मेलेला माणूस नक्षी बघत नाही," त्या म्हणाल्या.

साडेबाराला पोचलो. पुरुष बाहेर ओंडक्यांवर बसले होते, मी त्यांच्यात बसलो. बायका आत, मृताभोवती, गाणं म्हणत. मायी पीठ देऊन वाकून आत गेल्या. तिथं गेल्यागेल्या काम काढता येत नाही. आधी बसायचं, रडायचं, घरच्यांचे हात धरायचे. पावणेएक झाला. एक वाजायला पाच कमी. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "फार जवळचे होते का तुझे?" मी म्हटलं, हो. घड्याळाकडे बघून माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

एक वाजता दोघी बाहेर आल्या. डोरिका मायी बुटक्या, ताठ, डोळे सुजलेले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप उभा राहिलो.

"पुसू नको तर काय करू?" त्या म्हणाल्या. "घेतलेली ओळ फळ्यावर ठेवायची आणि उद्या पुन्हा घ्यायची? सरांनी बुधवारी चहाला सांगितलं, लिहून कडं करतो, पहाटे घे. घेतलं. पुसलं. फडकं धुतलं. उद्या टाईप करून आणणारच होते. आणि तूच म्हणालास ना रे, जुन्या पद्धतीनं करा?"

"मीच म्हणालो, मायी."

"मग?"

  त्यांनी छातीपाशी हात घालून कापडात गुंडाळलेली वही काढली. मग फालेसी मायींनी सरांच्या तापाचं सांगितलं. डोरिका मायींना ते ठाऊकच नव्हतं. 

"शुद्धीवर आहेत?"

"ताप उतरतोय म्हणाले डॉक्टर सकाळी."

"नवव्या ओळीपाशी खूण केलीय," त्या म्हणाल्या, वही अजून हातातच धरून. "तियामिकेला सांग. मला त्यातलं काही कळत नाही. पण वरच्या चित्रात एक दोरा दुसऱ्याच्या वरून जातो आणि नवव्या ओळीतल्या चित्रात तोच खालून. फळ्यावर होतं तसंच मी घेतलंय, बदललं नाही. पण सर दमले की त्यांचा वरचा दोरा खाली जातो. सव्वीस वर्षं तेच. काल दमलेले दिसत होते." मग त्यांनी वही माझ्या हातात दिली.

पावणेदोनला तियामिकेनं ती उघडली. कपिची सर, फेरलान, मी, सगळे तिच्याभोवती. ती वाचत गेली. सहावी ओळ, सातवी, आठवी. नवव्या ओळीपाशी पेन्सिलीची छोटी फुली होती. तिथं ती थांबली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, दोन्ही चित्रांवर बोट ठेवलं. मग तिनं खालचा दोरा वर केला. उरलेल्या तीन ओळी तिनं एका दमात वाचल्या आणि वही छातीशी धरून डोळे मिटले. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला.

दोन वाजता ती उभी राहिली. वीज नव्हती, म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या आणि ती फळ्यावरच बोलली. कपालामुला पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. नऊ क्रमांकाची ओळ आली तसा त्यांचा हात वर गेला.

"हा दोरा वर का? याच जागी लोक नेहमी खाली घेतात आणि सगळं कोसळतं. मी तेच बघायला आलोय."

"सरही दमून खाली घेऊन बसले होते," तियामिके म्हणाली. "डोरिका मायींनी पकडलं." आणि तिनं वरच्या चित्रावरून दोरा कसा येतो ते बोटानं दाखवलं.

कपालामुलांनी पुढे वाकून दोन्ही चित्रं पुन्हा ताडून पाहिली. 

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि हात खाली घेतला. त्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द मी तेरा वर्षांत ऐकले नव्हते. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि सगळ्यात आधी उभे राहिले ते फेरलान.

मी मागच्या दारानं सटकलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचा गार नसीमा आणि अर्धा चांबो उरला होता, तो मी उभ्यानंच खाल्ला. इतकं चवदार जेवण मी लग्नातही जेवलो नव्हतो. बाहेर निलगिरीखाली कपिची सर सैझीसमोर उभे होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण किल्ली परत देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली.

संध्याकाळी आम्ही इस्पितळात गेलो. सर उशीला टेकून बसले होते, अशक्त, पण डोळे उघडे. तियामिके त्यांचा हात धरून सगळं सांगू लागली, पण त्यांनी मध्येच मला विचारलं, "डोरिकानं घेतलं?"

"घेतलं, सर."

"पुसलं?"

"पुसलं."

"मग झालं," ते म्हणाले आणि गाढ झोपले. नर्सनं कपाळाला हात लावून सांगितलं, ताप नाही.

याला आता पाच महिने झाले. सात नंबरचं कुलूप बदलावं असा कपिची सरांचा लेखी हुकूम माझ्या टेबलावर आहे. तो माझ्याकडून कसा कोण जाणे राहून जातो. डोरिका मायींचं घर लांब आहे, पहाटे पाचला आलेल्या बाईनं दारात कुणाची वाट बघत उभं राहायचं का?

आणि ते कडं अजून फळ्यावर आहे. सैझी कड्याला हात लावत नाही. आत काही नाही रे, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, कडं म्हणजे कडं. त्यामुळे सगळे प्राध्यापक त्याच्या कडेकडेनं लिहितात आणि कुरकुरतात. मी सकाळी खोली उघडतो तेव्हा माझी नजर आधी त्या रिकाम्या जागेवर जाते, आणि मला बरं वाटतं. तिथलं काही गेलेलं नाही. कुणीतरी नीट उतरवून घेतलेलं आहे.